न उकळायचा चहा



चहा कसा करायचा हे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको, असं आम्हीही समजत होतो. आधण ठेवायचं, आलं ठेचून टाकायचं, साखर, पत्ती, दूध, आणि चांगली उकळी आली की गाळायचं. सेंदाईला येताना आमच्यापैकी प्रत्येकाच्या बॅगेत दोन-चार किलो चहा पावडर होतीच. पण गेल्या हिवाळ्यात एका डब्याने आमची चांगलीच फजिती केली. त्या फजितीतून जे शिकलो ते परदेशातल्या इतर मराठी घरांनाही उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून हा लेख.

झालं असं. डिसेंबरमध्ये जपानात 'ओसेइबो', म्हणजे वर्षअखेरीची भेट देण्याची पद्धत आहे. आमच्यातल्या एका घरी शेजारच्या जपानी आजींनी (मुलं त्यांना ओबाआचान म्हणतात) चहाचा एक सुंदर डबा आणून दिला. आत लांबट काळी पानं, त्यांत संत्र्याच्या सालीचे बारीक तुकडे आणि मधूनमधून निळ्या पाकळ्या. डब्यावर कातकानात लिहिलं होतं 'आारु गुरेई', म्हणजे आपला अर्ल ग्रे. त्या घरच्या सूनबाईंनी मोठ्या कौतुकाने दोन चमचे पत्ती घेतली आणि नेहमीसारखा आलं-दूध घालून फक्कड चहा उकळला. पहिल्याच घोटाला सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले! कडू, तुरट, आणि वर साबणासारखा वास. डबा कपाटात मागे गेला. आता ओबाआचाननी विचारलं तर काय सांगायचं, एवढीच काळजी उरली.

त्या घरी तेव्हा सासूबाई आलेल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो. कोल्हापूरच्या. काका आदल्या वर्षी गेले, म्हणून मुलाने तीन महिन्यांसाठी इकडे आणलं होतं. पण सेंदाईचा डिसेंबर म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळी सव्वाचारला सूर्य मावळतो. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, बाहेर बर्फाळ वारा आणि भाषेचा गंध नाही. काकू दिवसभर खिडकीशी बसून असत. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देत. एके दुपारी वेलची शोधताना तो डबा त्यांच्या हाती लागला. झाकण उघडून त्यांनी वास घेतला आणि सुनेला फोनच केला, "अगं, ह्यात म्हाळुंग कुणी घातलंय?"

त्यांच्या माहेरी परसात म्हाळुंगाचं झाड होतं. अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते हेच, असं त्यांनी नातवाला सांगितलं. मग झाड, विहीर, आईने केलेलं म्हाळुंगाचं लोणचं असं बरंच काही सांगितलं. त्या दिवशी त्या तासभर बोलत होत्या. आम्हाला मात्र प्रश्न पडला : इंग्रजी नावाच्या, जपानी डब्यातल्या चहाला कोल्हापूरच्या फळाचा वास कसा?

बर्गमॉट म्हणजे काय?

अर्ल ग्रे हा चहाच्या झाडाचा वेगळा प्रकार नाही. नेहमीच्या काळ्या चहाच्या पानांना बर्गमॉट नावाच्या फळाच्या सालीतलं सुगंधी तेल लावलं की झाला अर्ल ग्रे. बर्गमॉट लिंबाच्या कुळातलं, संत्र्याएवढं, पिवळसर हिरवं फळ. रस आंबट-कडू, त्यामुळे सहसा कोणी ते सोलून खात नाही. किंमत आहे ती सालीला. जगातलं बहुतेक बर्गमॉट इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रिया प्रांतात रेज्जो शहराच्या आसपासच्या किनारपट्टीवर पिकतं. साल दाबून, उष्णता न देता तेल काढतात. अत्तरांच्या धंद्यातही त्याला मोठी मागणी आहे.

आता गंमत बघा. रेज्जो आणि सेंदाई, दोन्ही शहरं साधारण ३८ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. पण तिकडे भूमध्य समुद्राची ऊब आणि इकडे सैबेरियाकडून येणारा थंड वारा! त्यामुळे तिथे बर्गमॉटच्या बागा आणि इथे अंगणात बर्फ.

आणि काकूंचं म्हाळुंग? त्यांचं नाक चुकलं नव्हतं. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांवरून या कुळाची वंशावळ बरीच स्पष्ट झाली आहे. पपनस आणि संत्र्याच्या जातीचं फळ यांच्या संकरातून कडू संत्रं झालं. कडू संत्रं आणि म्हाळुंग यांच्यापासून लेमन झालं, म्हणजे परदेशात मिळतं ते मोठं पिवळं लिंबू, आपलं कागदी लिंबू नव्हे. आणि लेमन व कडू संत्रं यांच्यापासून बर्गमॉट. म्हणजे म्हाळुंग हे बर्गमॉटचे सख्खे आजोबाच झाले की! वास अगदी तोच नाही, पण घराणं एकच.

एक खुलासा इथेच करून ठेवतो. बागकामाच्या दुकानात 'बर्गमॉट' नावाने लाल-जांभळ्या फुलांचं एक रोपही मिळतं. ते पुदिन्याच्या कुळातलं. वास थोडासा जुळतो म्हणून ते नाव पडलं. चहातल्या बर्गमॉटशी त्याचा संबंध नाही.

हे ग्रे साहेब कोण?

चार्ल्स ग्रे, दुसरे अर्ल ग्रे, हे १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते. त्यांच्याच काळात, १८३३ च्या कायद्याने, चीनशी व्यापार करण्याचा ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता संपवण्यात आला. तेव्हा इंग्लंडात पोचणारा चहा चीनचाच असे. आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला तो त्यानंतर, १८३९ साली.

डब्यांवर एक गोष्ट हमखास छापलेली असते : कुणा चिनी अधिकाऱ्याचा जीव वाचवल्याबद्दल ग्रे साहेबांना ही कृती भेट मिळाली. गोष्ट छान आहे, पण ग्रे साहेब कधी चीनला गेलेच नव्हते. उलट जुन्या नोंदींत वेगळंच चित्र दिसतं. हलक्या चहाला बर्गमॉट लावून तो भारी म्हणून खपवण्याचा उद्योग इंग्लंडात चालत असे, आणि १८३७ मध्ये एका व्यापारी पेढीवर तसा जाहीर आरोपही झाला होता. म्हणजे आज प्रतिष्ठेचा मानला जाणारा हा वास एके काळी भेसळीची खूण होता.

फळं-फुलं घातलेले प्रकार १९९० च्या दशकात लोकप्रिय झाले. ट्वायनिंग्ज या लंडनच्या जुन्या कंपनीने (स्थापना १७०६) 'लेडी ग्रे' बाजारात आणला. नाव अर्थातच ग्रे साहेबांच्या पत्नीवरून, मेरी एलिझाबेथ यांच्यावरून. त्यात बर्गमॉटबरोबर संत्र्याची आणि लेमनची साल असते आणि कॉर्नफ्लॉवरच्या निळ्या पाकळ्या. बर्गमॉट ज्यांना उग्र वाटतो त्यांच्यासाठी हा सौम्य अवतार. 'फ्रेंच अर्ल ग्रे' या नावाखाली गुलाबपाकळ्या वगैरे घातलेली मिश्रणंही मिळतात. ओबाआचानचा डबा लेडी ग्रेच्या वळणाचा होता.

आमचं चुकलं कुठे?

बर्गमॉटच्या तेलात मुख्यतः तीन द्रव्यं असतात. पहिलं लिमोनीन, जे संत्रं सोलताना बोटांना लागतं. दुसरं लिनालूल, जे आपल्या धन्यांच्या वासाचा मुख्य भाग आहे. तिसरं लिनालिल अ‍ॅसिटेट, लॅव्हेंडरच्या फुलांत असतं ते. फळ आणि फूल दोन्ही एकाच तेलात असल्यामुळेच त्याला संत्र्याची सालही शोभते आणि गुलाबही.

ही द्रव्यं उडून जाणारी आहेत. उघड्या पातेल्यात चहा खळखळ उकळला की सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो आणि पातेल्यात उरतो तो पानांतला तुरटपणा. त्या दिवशी घरभर सुंदर वास होता आणि कपात काही नव्हतं, ते यामुळे!

दुसरं कारण पत्तीचं. आपला नेहमीचा चहा सीटीसी पद्धतीचा, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळून केलेला बारीक दाणा. तो दुधाच्या चहासाठीच योग्य. सुगंधी चहा बहुधा अखंड किंवा मोठ्या पानांचा असतो. त्याला पाण्यात उलगडायला वेळ द्यायचा असतो, शिजवायचं नसतं. तिसरं कारण दूध. दुधातली प्रथिनं चहाचा तुरटपणा बांधून ठेवतात, हे आपल्या कडक चहाला फायद्याचं. पण दुधातला स्निग्धांश सुगंधही धरून ठेवतो, त्यामुळे नाजूक वास दबतो. आणि आलं म्हणजे काय, ते बाकी कोणाला बोलूच देत नाही.

मग करायचा कसा? आमची ठरलेली पद्धत अशी :

एका कपाला (साधारण २०० मिली) दोन ते अडीच ग्रॅम पत्ती, म्हणजे एक चमचा. किटली आधी गरम पाण्याने विसळून घ्यायची. ताजं पाणी उकळायचं आणि उकळी आल्याबरोबर पत्तीवर ओतायचं. लगेच झाकण. तीन मिनिटं मुरू द्यायचं, घड्याळ लावून. मग गाळायचं, आणि पत्ती पुन्हा त्यात ठेवायची नाही. साखर हवी तर नंतर, तीही बेताने.

पाण्याचाही मोठा हात असतो. जपानचं नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आहे, सेंदाईचंही. मऊ पाण्यात चहा स्वच्छ उतरतो. लंडनसारख्या जड पाण्याच्या गावी कपावर तवंग येतो आणि चव बोथट होते. तिथल्या मंडळींनी पाणी गाळण्याचा जग वापरून बघावा, फरक कळतो.

संक्रांतीच्या रविवारी चार कप

एवढं समजल्यावर नुसतं वाचून भागेना. संक्रांतीला आम्ही पाच घरं जमतोच, तेव्हा तिळगुळाच्या आधी चहाची चव घ्यायची ठरली. आधी अशासाठी, की तिळाचा खमंगपणा आणि गुळाची गोडी जिभेवर बसली की पुढचं काही कळत नाही. अत्तर लावून यायचं नाही, असाही नियम काढला. (हळदीकुंकवाला अत्तर नाही म्हटल्यावर थोडी कुरकुर झाली!)

चव घेण्याची पद्धतही समजून घेतली. चहाचे व्यावसायिक पारखी मुद्दाम जहाल चहा करतात. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे : १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं. दोष लपून राहू नयेत म्हणून. मग चमच्याने घोट घेऊन मोठा फुरका मारतात, म्हणजे चहा तोंडभर उडतो आणि त्याची वाफ घशामागून नाकात जाते. आपल्याला जी 'चव' वाटते तिचा मोठा भाग खरं तर वास असतो. हे वाचून आम्हाला आपापले आजोबा आठवले. बशीत चहा ओतून फुर्र करून पिणारे! चहा निवतोही आणि वासही पोचतो. लहानपणी आपण त्यांना हसलो, पण पद्धत शास्त्रशुद्ध होती. जपानात नूडल्सही फुरके मारतच खातात, तेव्हा इथे कोणाला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही.

पहिला कप, साधा अर्ल ग्रे. वास आधी येतो, चहा मागून. थोडा कडवटपणा, पण स्वच्छ. पुरुष मंडळींपैकी दोघांना हाच आवडला. दोघींनी 'दाढीचा साबण' म्हणून बाजूला ठेवला.

दुसरा कप, ओबाआचानचा डबा. तीच पत्ती, जी आम्ही उकळून वाया घालवली होती! संत्र्याची साल बर्गमॉटची धार कमी करते. घोट गिळल्यावर फुलासारखा वास मागे राहतो. निळ्या पाकळ्यांना मात्र चव जवळजवळ नसते, त्या केवळ शोभेच्या. मोठ्या मुलांना एकेक घोट दिला, त्यांनी याला पहिला नंबर दिला.

तिसरा कप, साध्या अर्ल ग्रेमध्ये सुकवलेल्या गुलाबपाकळ्या. छान वाटला, पण दुसऱ्या घोटाला गुलकंद आठवला. गुलाब चिमूटभरच हवा. जास्त झाला तर चहा राहत नाही, सरबत होतं.

चौथा कप आमचा घरचा. यात बर्गमॉट अजिबात नाही. लिमोनीन संत्र्या-लिंबांच्या सालीत आणि लिनालूल धन्यांत असेल, तर आपणच का जुळवू नये? साधा काळा चहा, त्यात युझूची साल आणि चार धने हलकेच चेचून. युझू हे थंडी सोसणारं जपानी लिंबू. इथून दक्षिणेला शिबाता गावच्या अमागोइ भागात ते पिकतं, आणि उत्तरेला इवाते प्रांतातल्या रिकुझेन्ताकाताचे 'उत्तर सीमेवरचे युझू' २०११ च्या त्सुनामीनंतर त्या गावाची ओळख बनले. डिसेंबरात तोजीच्या दिवशी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, जपानी लोक युझू घालून अंघोळ करतात. त्यातलेच आणलेले, पण अंघोळीत न गेलेले दोन युझू शिल्लक होते! साल घेताना आतला पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, तो कडू असतो. चहाही जवळचा मिळतो. इशिनोमाकीच्या मोनोउ भागात जपानातल्या सर्वांत उत्तरेकडच्या चहाबागांपैकी काही आहेत आणि अलीकडे तिथल्या पानांचा काळा चहाही करतात.

हा कप अर्ल ग्रेसारखा लागला का? अगदी तसा नाही. पण नातेवाईक नक्की वाटला. काकूंनी डोळे मिटून फुरका मारला आणि म्हणाल्या, "धने जरा कमी घाला. आमटी नाही करत आहोत आपण." त्यांच्याच सल्ल्याने दुसऱ्या खेपेला दोनच धने घातले. तो कप सगळ्यांनी मागून घेतला. काकूंनी आणखी एक आठवण करून दिली, की वासाचा चहा आपल्याला नवा नाहीच. गवती चहा आपण पिढ्यान् पिढ्या घालतो, आणि त्याच्यातलं सिट्राल हे द्रव्य लिंबाच्या सालीतही असतं. फरक एवढाच, की गवती चहाची पात दणकट असते, थोडी उकळी सोसते. सालीला आणि पाकळीला ते जमत नाही.

काही काळजीच्या गोष्टी

अरोमाथेरपीच्या दुकानातलं बर्गमॉट तेल चहात थेंबभरसुद्धा टाकू नये. ते पिण्यासाठी नसतं.

जेवणाबरोबर किंवा लगेच चहा प्यायल्यास अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. हिमोग्लोबिन कमी असेल तर तासाभराचं अंतर ठेवावं. १०० मिली काळ्या चहात साधारण ३० मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणून लहान मुलांना चवीपुरताच द्यावा, आणि रात्री नकोच.

अतिरेक कशाचाच बरा नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००२ मध्ये एका रुग्णाची हकीकत आली होती. दिवसाला चार लिटरपर्यंत अर्ल ग्रे पिणाऱ्या त्या गृहस्थांच्या स्नायूंत गोळे येऊ लागले होते, आणि साधा चहा सुरू केल्यावर ते थांबले. दिवसाला एक-दोन कप पिणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. ज्यांना काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट खाऊ नका असं सांगितलं आहे, त्यांनी मात्र या चहाबद्दलही डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं.

आणि ओबाआचान?

जानेवारीअखेर आम्ही त्यांना चहाला बोलावलं आणि सगळं खरं खरं सांगून टाकलं. उकळल्याचं, आल्याचं, साबणाच्या वासाचं, सगळं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनीही कबूल केलं. दिवाळीत आम्ही त्यांना आसामची चहा पावडर आणि सुंठ दिली होती. त्यांनी ती किटलीत घालून, वर गरम पाणी ओतून, बरोबर तीन मिनिटं झाकून ठेवली आणि वरून थंड दूध घातलं. "फार... हलका लागला," असं त्या अगदी जपून म्हणाल्या!

मग काकू उठल्या. ओबाआचानना हाताला धरून शेगडीपाशी नेलं, आधण ठेवलं आणि आलं ठेचायला घेतलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. उकळी वर आली की काकू "थांबा", "थांबा" म्हणायच्या आणि ओबाआचान मान डोलवायच्या. दुसऱ्या दिवसापासून दुपारी तीनला शेजारची बेल वाजू लागली. एक दिवस उकळायचा चहा, एक दिवस न उकळायचा, असं दोघींनी आपसांतच ठरवून टाकलं. फेब्रुवारीत काकू परत गेल्या तेव्हा तो रिकामा डबा सामानात होता. आता त्यात त्या वेलची ठेवतात, पण झाकण उघडलं की पहिला वास अजून त्याचाच येतो म्हणे.

तर मंडळी, तुमच्याही कपाटात मागे असा एखादा न आवडलेला डबा असेल तर टाकून देऊ नका. एकदा झाकण ठेवून, तीन मिनिटं धीर धरून बघा. आणि तुमच्या गावी मिळणाऱ्या सालीचा, फुलाचा किंवा पानाचा काही प्रयोग केला असेल तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या संक्रांतीला पाचव्या कपाची जागा मोकळी आहे!